मोठ्या बागेतले हंगामी ताटवे आणि वनस्पतीसंग्रह: आखणीपासून नोंदवहीपर्यंत

चार वाफ्यांची बाग कायम डोळ्यांसमोर असते. कुठलं रोप मान टाकतंय, कशाला कळी धरली, हे येताजाता दिसतं. बाग एकरभर किंवा त्याहून मोठी झाली की नुसत्या नजरेवर काम भागत नाही. एका टोकाचा बहर ओसरून गेलेला असतो, दुसऱ्या टोकाला वाफे अजून खणलेलेही नसतात आणि मधल्या पट्ट्यात सगळं एकदम फुलून पंधरा दिवसांत संपतं. म्हणून मोठ्या बागेत ‘काय लावायचं’ हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. कोणती जागा कोणत्या आठवड्यात फुललेली हवी, हे आधी ठरवा. रोपांची यादी त्यातूनच निघते. संग्रहालाही हाच नियम लागू आहे: झाड आणण्याआधी त्याची जागा आणि वहीतली ओळ ठरलेली असावी.

ताटवा आणि संग्रह ही दोन वेगळी कामं आहेत, हे सुरुवातीलाच मनाशी पक्कं केलेलं बरं. ताटवा तीन-चार महिन्यांनी उपटायचा असतो; तिथे महत्त्व एकूण परिणामाला, एकेका रोपाला नाही. संग्रहात उलट. तिथे प्रत्येक झाडाला स्वतःची ओळख असते आणि ते दशकानुदशकं सांभाळायचं असतं. दोन्ही एकाच वाफ्यात मिसळले की ताटवा बदलताना संग्रहातल्या झाडांची मुळं तुटतात.

पायरी १: जागा वाचणं

कागदावर बागेचा नकाशा काढा आणि त्यावर दहा-दहा मीटरच्या चौकटी आखा. प्रत्येक चौकटीला क्रमांक द्या. हेच क्रमांक पुढे लागवडीच्या तक्त्यात, पाण्याच्या पाळीत आणि संग्रहाच्या नोंदीत वापरायचे आहेत, म्हणून एकदा दिले की बदलू नका.

आता प्रत्येक चौकटीत ऊन किती तास पडतं ते लिहा. एका दिवसाची पाहणी पुरत नाही. सूर्य उत्तर-दक्षिण सरकतो तशा झाडांच्या सावल्याही हलतात. एका हंगामात सहा तास उन्हात असलेला वाफा दुसऱ्या हंगामात दुपारनंतर सावलीत जातो. निदान दोन विरुद्ध ऋतूंत सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी सावलीच्या कडा नकाशावर आखून घ्या. बहुतेक हंगामी फुलांना सहा तास थेट ऊन लागतं. त्याहून कमी असेल तर इम्पेशन्स, बिगोनिया, कोलियस यांच्याकडे वळा.

निचऱ्याची परीक्षा साधी आहे. जिथे ताटवा करायचा तिथे ३० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या. मग दुसऱ्यांदा भरा आणि पातळी तासाला किती उतरते ते पट्टीने मोजा. पहिल्यांदा कोरडी माती पाणी ओढून घेते, म्हणून दुसरी मोजणी खरी. तासाला अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी उतरत असेल तर तिथे गादीवाफ्याशिवाय काहीही लावू नका. तासाला १५ सेंटिमीटरहून जास्त उतरत असेल तर माती फार हलकी आहे. तिला सेंद्रिय खत भरपूर द्यावं लागेल आणि पाण्याच्या पाळ्या जवळजवळ घ्याव्या लागतील.

वाऱ्याची दिशा आणि रात्रीचे दिवेही नकाशावर टाका. दिव्यांचं कारण पुढे येईल.

पायरी २: ताटव्यांना किती जागा द्यायची

इथे हात आखडता घ्या. हंगामी ताटवा हा बागेतला सर्वांत जास्त मजुरी खाणारा भाग आहे. वर्षातून दोन-तीनदा माती तयार करायची, हजारो रोपं वाढवायची, लावायची, उपटायची. माझ्या मते लागवडीखालच्या क्षेत्राच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त जागा हंगामी फुलांना देऊ नये. राहिलेल्या जागेचा कणा झाडं, झुडपं, हिरवळ आणि बहुवर्षायू रोपांनी धरावा. हा कणा नसेल तर दोन हंगामांच्या मधल्या आठवड्यांत बाग उघडी पडते.

ताटवे सगळीकडे शिंपडण्यापेक्षा ठरावीक ठिकाणी एकवटा: प्रवेश, रस्त्यांचे फाटे, बसण्याच्या जागा, दूरवरून नजर जाऊन थांबते तो शेवट. दहा छोट्या गोल वाफ्यांपेक्षा एक लांब पट्टा कितीतरी भारदस्त दिसतो आणि त्याला पाणी देणंही सोपं जातं. रुंदी मात्र हाताच्या पोचेवर ठरवा. एका बाजूने काम करायचं असेल तर ६० सेंटिमीटर, दोन्ही बाजूंनी असेल तर १.२ मीटर. त्याहून रुंद पट्टा करायचा झाला तर मागच्या बाजूला अरुंद पायवाट सोडा. समोरून ती दिसत नाही, पण खुरपणी करणाऱ्याला रोपं तुडवावी लागत नाहीत.

पायरी ३: तारखेपासून उलटं मोजणं

सगळ्या आखणीचा गाभा हा आहे. वाफा भरात दिसायला हवा ती तारीख नक्की करा आणि तिथून मागे या.

पेरणीपासून पहिल्या फुलापर्यंत लागणारा काळ साधारण असा: अॅलिसम सहा-सात आठवडे, ठेंगणा झेंडू सात-आठ, झिनिया आठ-नऊ, कॉसमॉस आठ ते दहा, उंच जातीचा झेंडू दहा-अकरा, पिटुनिया बारा ते चौदा, पॅन्सी तेरा ते पंधरा, डॉग फ्लॉवर चौदा ते सोळा. रात्री गार असतील तर हे आकडे वाढतात आणि जातीगणिकही फरक पडतो, म्हणून बियाण्याच्या पाकिटावरचा आकडा पाहूनच तक्ता पक्का करा.

पण पहिलं फूल म्हणजे भर नव्हे. पहिल्या फुलानंतर ताटवा भरून यायला दोन आठवडे धरा. शेंडा खुडणार असाल तर आणखी दीड-दोन आठवडे. शिवाय ढगाळ दिवसांसाठी एक आठवडा राखीव. म्हणजे पॅन्सीचा ताटवा ठरलेल्या तारखेला हवा असेल आणि तिचा काळ चौदा आठवड्यांचा असेल, तर बी सतरा आठवडे आधी पडलं पाहिजे. सतरा आठवडे म्हणजे जवळपास चार महिने. हंगाम तोंडावर आल्यावर बियाणं शोधायला निघालेल्या माणसाला मग रोपवाटिकेत जे उरलंय ते उचलावं लागतं, आणि त्या ताटव्याचा रंग, उंची, वेळ यांतलं काहीच त्याच्या हातात राहत नाही.

सगळ्या वाफ्यांचा बहर एकाच दिवशी आणू नका. एकाच जातीची पेरणी दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने तीन हप्त्यांत केली की त्याच रोपांतून बहराचा काळ लांबतो. झिनिया आणि कॉसमॉससाठी ही युक्ती उत्तम चालते. पॅन्सीसाठी ती निरुपयोगी, कारण उशिरा पेरलेल्या पॅन्सीला ऊन तापायच्या आत वाढायला वेळच मिळत नाही.

काही झाडं मात्र पेरणीची तारीख मानत नाहीत. ती दिवसाची लांबी मानतात. गार्नर आणि अॅलार्ड या अमेरिकन संशोधकांनी १९२० मध्ये हे प्रथम नीट मांडलं: कित्येक वनस्पतींचा फुलोरा दिवस-रात्रीच्या लांबीवर ठरतो. शेवंती हे त्याचं नेहमीचं उदाहरण. रात्र लांबू लागली की तिच्या शेंड्यात कळी धरते आणि तिथून फूल उमलायला बहुतेक जातींना आठ ते दहा आठवडे लागतात. शेवंतीचा शेंडा शेवटचा कधी खुडायचा, हे म्हणूनच रात्री लांबायला लागण्याच्या वेळेवर ठरवायचं; उशिरा खुडला तर फांद्या आखूड राहतात आणि फुलं विरळ येतात.

आता दिव्यांचं कारण. रात्रभर जळणाऱ्या खांबाच्या दिव्याखाली शेवंतीचा वाफा असेल तर त्याच वाफ्यात दोन ऋतू दिसतात: अंधाराकडची रोपं फुलांनी लदलेली आणि दिव्याकडची गर्द हिरवी, नुसत्या पानांची. माळ्याचं काही चुकलेलं नसतं; त्या रोपांच्या लेखी रात्र झालेलीच नसते. पॉइन्सेटिया याबाबतीत आणखी काटेकोर आहे. तिची वरची पानं लाल व्हायला रोज सुमारे चौदा तासांचा अखंड अंधार आठ-दहा आठवडे लागतो. अशी झाडं दिव्यांपासून दूरच्या चौकटींतच लावा.

पायरी ४: रोपवाटिकेचं गणित आणि काम

समजा पट्टा २० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद आहे. क्षेत्र ६० चौरस मीटर. २५ सेंटिमीटर अंतराने चौरस मीटरला १६ रोपं बसतात, म्हणजे ९६०. लावल्यावर मरणाऱ्या आणि कमजोर निघणाऱ्या रोपांसाठी १५ टक्के जास्त धरा: साधारण ११००. उगवण ८० टक्के गृहीत धरली तर जवळपास १४०० बिया पेरायच्या. अंतर ३० सेंटिमीटर केलं तर चौरस मीटरला ११ रोपं पुरतात, २० केलं तर २५ लागतात. अंतर थोडं इकडेतिकडे झालं की रोपांची संख्या आणि खर्च दोन्ही किती बदलतात, हे आधीच मांडून पाहा.

बी पेरताना प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. पिटुनियाचं बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये सुमारे दहा हजार येतं. त्याला उगवायला उजेड लागतो, म्हणून ते वरच भुरभुरायचं, मातीने झाकायचं नाही. चाळलेल्या कोरड्या वाळूत मिसळून पेरलं तर एकाच जागी ढीग पडत नाही. पॅन्सी आणि लार्कस्पर यांचं बी झाकावं लागतं आणि गारवा नसेल तर ते उगवायला कुरकुर करतं. झिनिया, झेंडू, सूर्यफूल ही मोठी बियाणी बिनतक्रार येतात. लार्कस्पर, पॉपी आणि नॅस्टर्शियम यांना मुळं हलवलेली आवडत नाहीत. ही शक्यतो जागेवरच पेरा.

रोपवाटिकेतला सर्वांत मोठा घात म्हणजे रोपं कोलमडणं. काल ताठ उभी असलेली रोपं सकाळी मातीलगत चिमटा काढल्यासारखी बारीक होऊन आडवी पडलेली दिसतात. जमिनीतल्या बुरशीचं हे काम, आणि तिला साथ असते दाट पेरणीची आणि संध्याकाळच्या पाण्याची. माध्यम निर्जंतुक घ्या, ट्रे धुऊन वापरा, पाणी सकाळी द्या, शक्य तिथे ट्रे पाण्यात टेकवून खालून ओल चढू द्या. एका कोपऱ्यात कोलमड दिसली की आसपासच्या दोन बोटं रुंद पट्ट्यातली निरोगी दिसणारी रोपंही काढून टाका. तेवढी गेली तरी चालतील.

खरी पानं दोन आली की रोपं प्रोट्रेमध्ये (छोट्या कप्प्यांच्या ट्रेमध्ये) किंवा छोट्या पिशव्यांत हलवा. रोप उचलताना ते देठाला नव्हे, बीजपत्राला, म्हणजे बी उगवताना आलेल्या पहिल्या पानाला धरायचं. पान फाटलं तर दुसरं येतं. देठ चिमटला तर रोप गेलं. लावणीच्या आठ-दहा दिवस आधी शेडनेटमधून बाहेर काढून रोज थोडं जास्त ऊन द्या आणि पाणी किंचित कमी करा. हे कणखर करणं टाळलं तर लावलेला सगळा वाफा दोन दिवसांत करपल्यासारखा दिसतो.

पायरी ५: वाफा आणि लागवड

माती वाफशावर असतानाच खणा. मूठभर माती हातात दाबा: गोळा व्हावा आणि बोटाने टोचताच फुटावा. गोळाच झाला नाही तर माती कोरडी आहे, टोचून फुटला नाही तर ओली. ओली माती खणली की ढेकळं बनतात आणि ती पूर्ण हंगाम मोडत नाहीत.

खणती २५ ते ३० सेंटिमीटर. त्यात चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट ५ सेंटिमीटर जाडीचं मिसळा. वरच्या ६० चौरस मीटरच्या पट्ट्याला हे ३ घनमीटर भरतं. ट्रॉली मागवताना हा आकडा हाताशी असू द्या. अर्धवट कुजलेलं खत टाकू नका. त्यातून हुमणी येते, तणांचं बी येतं आणि कुजताना ते रोपांचा नत्रही ओढून घेतं.

मांडणीबद्दल माझं मत ठाम आहे: मोठ्या पट्ट्यात एकाच जातीची रोपं किमान दोन-तीन चौरस मीटरच्या गटांत लावा. प्रत्येक रंगाची चार-चार रोपं केली की दुरून सगळा गोंधळ दिसतो. इंग्लंडमधल्या बागकार गर्ट्रूड जेकिल (१८४३–१९३२) यांची रीत इथे अजूनही कामाला येते. त्या गट गोल किंवा चौकोनी न करता लांबट आणि तिरपे आखत. असा गट फुलून संपला तरी त्याची मोकळी जागा समोरून अरुंद फटीएवढीच दिसते आणि शेजारचे गट ती झाकून टाकतात. त्यांच्या मन्स्टेड वुड इथल्या मुख्य पट्ट्याची लांबी २०० फूट आणि रुंदी १४ फूट होती. दोन्ही टोकांना निळे, करडे, फिके रंग आणि मध्ये पिवळ्या-नारिंगीतून तापत गेलेला लाल. डोळा फिक्यातून गडदाकडे आणि पुन्हा फिक्याकडे येतो, त्यामुळे एवढा लांब पट्टाही थकवत नाही. रंगांचा हा क्रम झेंडू, साल्व्हिया, कॉसमॉस आणि अॅलिसम अशा साध्या रोपांतूनही उभा करता येतो.

उंची मागे जास्त, पुढे कमी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण हा नियम काटेकोर पाळला की पट्टा पायऱ्यांसारखा कृत्रिम दिसतो. पारदर्शक देठांची रोपं, जसं क्लिओम किंवा विरळ कॉसमॉस, मधूनमधून पुढे येऊ द्या.

लावणी ऊन उतरल्यावर. ट्रेला आधी भरपूर पाणी, मग रोप मातीच्या गड्ड्यासकट काढून ट्रेमध्ये होतं त्याच खोलीवर लावा, बोटांनी कडेची माती दाबा आणि लगेच पाणी द्या. झेंडू थोडा खोल गेला तरी देठाला मुळं फुटतात. पॅन्सी खोल गेली तर कुजते. शेवटी ५ सेंटिमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन, देठापासून दोन बोटं दूर.

पायरी ६: भर टिकवणं आणि पालट

वाळलेली फुलं खुडणं हे ताटव्याचं निम्मं काम आहे. बी धरलं की वार्षिक रोपाचं आयुष्याचं काम झालं. ते नव्या कळ्या काढणं कमी करतं. फक्त पाकळ्या ओढू नका, फुलाखालचा फुगीर भाग देठासकट तोडा. मोठ्या बागेत हे रोज सगळीकडे जमत नाही, म्हणून पाळी लावा: प्रवेशाजवळचे वाफे आठवड्यातून दोनदा, लांबचे एकदा. मनुष्यबळ अगदीच कमी असेल तर जुनी फुलं आपोआप झडणाऱ्या जाती निवडा. इम्पेशन्स आणि बिगोनिया त्यांतल्या.

नत्राचा मारा टाळा. गर्द पानं आणि तुरळक फुलं दिसली की समजा खत जास्त झालं. नॅस्टर्शियम आणि कॉसमॉस यांना तर हलक्या मातीतच बहर चांगला येतो.

दोन हंगामांच्या मधला काळ दहा दिवसांच्या आत बसवायचा. जुना ताटवा उपटण्याआधी पुढची रोपं तयार असली पाहिजेत. उलट झालं तर वाफा महिनाभर उघडा राहतो. एकाच वाफ्यात एकाच कुळातली रोपं पाठोपाठ घेऊ नका. चायना अॅस्टरच्या बाबतीत हा नियम कधीच मोडू नये, कारण त्याच्या मर रोगाची बुरशी मातीत कित्येक वर्षं तग धरते. नकाशावरच्या चौकटीपुढे प्रत्येक हंगामात काय होतं ते लिहिलेलं असेल तर हा पालट आपोआप सांभाळला जातो.

पायरी ७: कंदांची फुलं

कंदाच्या उंचीच्या दोन ते तीन पट खोल, टोक वर, हा लावणीचा ढोबळ नियम. नेदरलँड्समधल्या क्युकेनहॉफ बागेत ३२ हेक्टरवर दर शरदात सुमारे ७० लाख कंद लावले जातात आणि बाग लोकांसाठी जेमतेम आठ आठवडे खुली असते. एवढ्या आठवड्यांत वाफे फुललेले राहावेत म्हणून तिथे थरांची लावणी करतात: सर्वांत खाली उशिरा फुलणाऱ्या ट्यूलिपचे कंद, त्यावर लवकर फुलणारे, सर्वांत वर क्रोकससारखे छोटे. त्याच मातीतून एकामागून एक बहर वर येत राहतात. ही कल्पना कोणत्याही हवामानात, तिथे जगणाऱ्या कंदांवर वापरता येते.

ट्यूलिप आणि हायसिंथ यांना मात्र गारठा सोसल्याशिवाय नीट फूल येत नाही. ट्यूलिपला साधारण ९ अंश सेल्सिअसखाली बारा ते सोळा आठवडे लागतात. हिवाळा तेवढा थंड नसेल तर कंद शीतगृहात ठेवून मग लावावे लागतात, आणि ते दरवर्षी नवे घ्यावे लागतात. शीतगृहात पिकणारी फळं शेजारी ठेवू नका. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कंदातली कळी आतच मरते. उष्ण प्रदेशात मी तरी या खटाटोपापेक्षा निशिगंध, ग्लॅडिओलस, क्रायनम, हिप्पिअॅस्ट्रम यांना पसंती देईन.

फुलं गेल्यावर पानं पिवळी पडेपर्यंत कापू नका. नार्सिससची पानं निदान सहा आठवडे तशीच राहिली पाहिजेत, कारण पुढच्या वर्षीचं फूल त्याच पानांच्या कमाईवर कंदात तयार होतं.

पायरी ८: संग्रहाचा विषय ठरवणं

‘दुर्मीळ झाडांचा संग्रह’ हा विषय नव्हे. विषय असा हवा की एखादं झाड समोर आलं तर ते त्यात बसतं की नाही हे लगेच सांगता यावं. एक वंश (जीनस) आणि त्यातल्या जाती: गुलाब, जास्वंद, आयरिस. एक कूळ किंवा मोठा गट: पामवृक्ष, नेचे, ऑर्किड. एक अधिवास: कोरड्या खडकाळ जागेतली झाडं, पाणवनस्पती. किंवा एक गुण, जसं रात्री दरवळणारी झाडं. जमीन, पाणी आणि मनुष्यबळ पाहून सुरुवातीला दोनच विषय घ्या. निचरा कमी असलेल्या जमिनीत निवडुंगांचा हट्ट धरण्यापेक्षा तिथे कुमुदिनींचं तळं करणं शहाणपणाचं.

झाड घेताना ते कुठून आलं हे विचारा. सर्व ऑर्किड आणि जवळपास सर्व निवडुंग १९७३ च्या साइट्स करारात, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या करारात येतात. रानातून ओरबाडलेलं रोप स्वस्त मिळालं तरी घेऊ नये. तसंच, नवं झाड बागेबाहेर पसरेल का, हेही तपासा. जलपर्णी आणि घाणेरी दोन्ही शोभेसाठीच दूरदेशी नेल्या गेल्या होत्या.

आलेलं प्रत्येक रोप तीन-चार आठवडे वेगळ्या जागी ठेवा. कुंडीतून काढून मुळं पाहा: गाठी म्हणजे सूत्रकृमी, पांढरा कापूस म्हणजे मुळांवरचा पिठ्या ढेकूण. एक आजारी रोप गडबडीत मूळ संग्रहात गेलं तर पुढची कित्येक वर्षं निस्तरावं लागतं.

पायरी ९: नोंदवही आणि पाट्या

संग्रहाचा जीव वहीत असतो. झाड बागेत पाऊल टाकतं त्याच दिवशी त्याला क्रमांक द्या. साधी पद्धत: वर्ष आणि त्या वर्षातला अनुक्रम, उदाहरणार्थ २०२५-००१४. त्यापुढे शास्त्रीय नाव, जातीचं नाव, कुठून व कोणत्या रूपात आलं (बी, कलम, कंद), तारीख आणि नकाशावरची चौकट. झाड मेलं तर नोंद खोडायची नाही. तारीख आणि कारण लिहायचं. तो क्रमांक दुसऱ्या झाडाला पुन्हा कधीही नाही.

शास्त्रीय नाव आणि जातीचं नाव यांत गल्लत करू नका. द्विनाम पद्धत लिनिअसच्या १७५३ मधल्या कामापासून धरली जाते आणि ती निसर्गातली प्रजाती सांगते. माणसाने निवडलेल्या जातीचं नाव त्यापुढे एकेरी अवतरणात लिहितात. बाजारातली नावं आणखी तिसरीच. फ्रान्सिस मेयाँ यांनी तयार केलेला पिवळसर-गुलाबी गुलाब अमेरिकेत १९४५ मध्ये ‘पीस’ म्हणून आला, फ्रान्समध्ये तो ‘मादाम ए. मेयाँ’ आणि जर्मनीत ‘ग्लोरिया डेई’. वही चोख नसेल तर हाच गुलाब तीनदा विकत घेऊन तीन जाती जमवल्याचं समाधान होतं.

पाटी अॅल्युमिनिअमची, अक्षरं कोरलेली. शाई दोन उन्हाळ्यांत उडते. खोडाभोवती तार आवळू नका, खोड जाड होताना ती सालीत रुतते. जमिनीत खुंटी रोवा, किंवा मोठ्या झाडाला स्प्रिंग असलेल्या खिळ्यावर पाटी लावा.

दुर्मीळ झाडाच्या निदान तीन प्रती ठेवा: दोन बागेच्या वेगवेगळ्या भागांत आणि एक दुसऱ्या बागेत. फ्रँक्लिनिया हे पांढऱ्या फुलांचं झाड जॉन आणि विल्यम बार्ट्रम या पितापुत्रांना १७६५ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात अल्टामाहा नदीकाठी दिसलं. १८०३ नंतर ते रानात कुणालाच सापडलेलं नाही. आज जगभरच्या बागांत असलेली फ्रँक्लिनियाची सगळी झाडं बार्ट्रम यांनी आणलेल्या बियांची संतती आहेत. बार्ट्रम यांच्या बागेत ती जगली नसती तर हे झाड आज फक्त वाळवलेल्या नमुन्यात उरलं असतं. दक्षिण आफ्रिकेतल्या एन्सेफॅलार्टोस वुडी या सायकडची (ताडासारखं दिसणारं, नर-मादी वेगळी असलेलं झाड) गत आणखी करुण: १८९५ मध्ये सापडलेला एकच नर, मादी कधी मिळालीच नाही, आणि आजची सगळी रोपं त्याच्याच फुटव्यांची. म्हणून सायकडसारख्या झाडांच्या नोंदीत नर की मादी हा रकानाही हवा.

पायरी १०: संग्रहांची निगा

गुलाबाबद्दल एकच, पण महत्त्वाचं. जुना गुलाब काढून त्याच खड्ड्यात नवा लावला की तो खुरटतो; तिथली माती ४५ सेंटिमीटर खोल व रुंद बदला किंवा जागा बदला. दाढीवाल्या आयरिसचा आडवा कंद पाठीवर ऊन खात असावा, पुरला तर कुजतो; तीन-चार वर्षांनी बहर संपल्यावर उपटून मधला म्हातारा भाग टाकायचा आणि कडेचे तुकडे लावायचे. डेलियाचं मूळ वेगळं करताना प्रत्येक तुकड्याला जुन्या देठाजवळचा एक डोळा हवा. डोळा नसलेलं मूळ कितीही जाडजूड असलं तरी त्याला कोंब येत नाही.

कुमुदिनीला सहा तास ऊन आणि स्थिर पाणी लागतं. कारंज्याचे थेंब पानांवर पडत राहिले की ती रुसते. तळ्याचा पृष्ठभाग दोन तृतीयांशाहून जास्त झाकला गेला तर पानं विरळ करा.

अगेव्हच्या बहुतेक प्रजाती आयुष्यात एकदाच फुलतात आणि मरतात. तुऱ्याचा दांडा वर यायला लागला की हळहळत बसू नका. बुडाजवळची पिल्लं त्याच आठवड्यात वेगळी करून नव्या क्रमांकाने लावा आणि मूळ क्रमांकाचा संदर्भ द्या.

पायरी ११: वार्षिक मोजणी

वर्षातून एकदा, बहर नसलेल्या निवांत काळात, वही घेऊन चौकटीमागून चौकट फिरा. वहीत असलेलं आणि जमिनीवर नसलेलं, जमिनीवर असलेलं आणि वहीत नसलेलं, दोन्ही याद्या करा. पाटी हरवलेल्या झाडाला अंदाजाने नाव देऊ नका. ‘अनिश्चित’ लिहा आणि फुलल्यावर ओळख पटवा. प्रत्येक झाडाचं पहिलं फूल कधी दिसलं ती तारीखही नोंदवत जा. तीन-चार वर्षांत तुमच्याच बागेचा बहराचा तक्ता तयार होतो आणि पायरी ३ मधले पाकिटावरचे आकडे बाजूला ठेवून त्यावरूनच पेरणी ठरवता येते.

याच फेरीत बी आणि जादा रोपांचा निर्णय घ्या. संकरित एफ-१ जातींचं बी धरू नका. त्यातून आईसारखी रोपं निघत नाहीत. साध्या जातींचं बी सर्वांत जोमदार, रंगाला खऱ्या उतरलेल्या रोपांवरून घ्या, सावलीत वाळवा, कागदी पाकिटावर जात आणि तारीख लिहून हवाबंद डब्यात थंड जागी ठेवा. संग्रहातल्या जादा प्रती दुसऱ्या बागांना देताना पाटीवरचा क्रमांक आणि मूळ नोंदीची नक्कल सोबत द्या, आणि कोणाला काय दिलं ते स्वतःच्या वहीतही लिहा. आपल्याकडचं झाड गेलं तर ते परत कुठे मागायचं, हे त्याच ओळीवरून कळेल.